मासे नंतर विका, आधी पाणी पाहा

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. भिवंडीहून कोरा माल उचलावा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तो रंगवून घ्यावा आणि पालघर, बोईसर, डहाणूच्या दुकानदारांना पुरवावा, एवढाच आमचा कारोबार. तेव्हा आज ह्या पानावर आम्ही रंगीत माशांच्या काचेच्या टाकीविषयी लिहावे, ह्याचे वाचकांना नवल वाटेल. पण गोष्ट व्यापाराचीच आहे. आमच्या ओळखीतल्या तीन तरुणांनी गेल्या काही वर्षांत ह्या भागात फिशटँकची दुकाने काढली. त्यांपैकी दोन बंद पडली. भाडे जास्त, गिऱ्हाईक कमी, अशी कारणे ते सांगतात. आमचे मत वेगळे आहे. ही दुकाने पाण्यात बुडाली, आणि ते पाणी त्यांनीच गिऱ्हाइकाला समजावून सांगितले नव्हते.

शिरगावच्या आमच्या घरी घडलेला प्रकार आधी सांगतो.

नातीने हट्ट धरला म्हणून आम्ही एका दुकानातून दोन फुटांची टाकी आणली. दुकानाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण बहुतेक ठिकाणी हाच दस्तूर आहे. टाकी, हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर, रंगीत खडी, आठ गोल्डफिश आणि निळ्या औषधाची एक बाटली, असा सगळा माल एकाच बिलात, एकाच संध्याकाळी घरी आला. दुकानदाराने दोन गोष्टी बजावल्या : दाणे दिवसातून दोनदा घाला आणि दर रविवारी सगळे पाणी बदला. नातीने शिरगावच्या किनाऱ्यावरून वेचलेले शिंपले तळाशी मांडले. चार दिवस घरात ईदच होती म्हणा ना.

पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. फोन केला तर दुकानदार म्हणाला, निळे औषध घाला. घातले. सातव्या दिवशी दोन मासे गेले. रविवारी, सांगितल्याप्रमाणे, आम्ही सगळे पाणी उपसले, खडी नळाखाली चोळून धुतली, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून स्वच्छ केला आणि नळाचे ताजे पाणी भरले. सोमवारी सकाळी आणखी तीन मासे उलटे तरंगत होते. पंधरवड्यात आठही संपले. नात म्हणाली, "नाना, आपण त्यांना काय केलं?" आम्हाला जवाब देता आला नाही. दुकानदाराला सांगितले तर तो म्हणाला, माल नाजूकच असतो, आणखी सहा घेऊन जा, कमी भावात लावतो.

मासे आम्ही घेतले नाहीत. टाकी माळ्यावर टाकणार, तेवढ्यात आमचा माल रंगवणाऱ्या कारखान्यातल्या एका जुन्या रंगारी उस्तादांची आठवण झाली. कोणताही नवा माल आला की कापडाला हात लावण्याआधी ते पाणी पाहत. पाणी जड असेल तर रंग डागडागी बसतो, पाण्यात खार जास्त असेल तर छटा बदलते, ब्लीचचा अंश राहिला तर रंग उडतो. मग कापडवाल्याला दोष, रंगवाल्याला दोष, आणि कसूर पाण्याचा. आम्हाला वाटले, माशांच्या बाबतीतही हेच झाले असेल काय? आमचे शिक्षण उर्दू माध्यमाच्या शाळेत झाले आणि सायन्सशी आमची दोस्ती कधीच नव्हती. तरीही विचारपूस केली, वाचले, पाणी तपासण्याचे थेंबांचे किट आणले. जे समजले ते व्यापाऱ्याच्या भाषेत मांडतो.

पाण्याचा जमाखर्च

पहिली रक्कम क्लोरीनची. पालघर आणि आसपासच्या गावांना सूर्या नदीचे पाणी शुद्ध करून नळाने येते. जंतू मरावेत म्हणून नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि भारतीय मानकाप्रमाणे तो नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा लागतो. माणसाच्या दृष्टीने ती नियामत आहे, पण माशाचे कल्ले त्याने भाजतात. शिवाय टाकीतले उपयोगी जंतूही त्याने मरतात. आता गंमत पाहा. ब्लीच केलेल्या कापडात राहिलेला क्लोरीन मारण्यासाठी रंगाईवाले हायपो वापरतात. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. माशांच्या दुकानात क्लोरीन मारण्यासाठी मिळणारी पुडी किंवा बाटली बहुधा ह्याच खड्यांची असते. रंगाईच्या कारखान्यात जी चीज पोत्याने पडलेली असते, तिची चिमूटभर नसल्याने आमचे तीन मासे एका रात्रीत गेले असावेत. हायपो नसेल तर पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून, त्यात हवा सोडून मगच टाकीत घालावे.

दुसरी रक्कम अमोनियाची, आणि सर्वांत मोठा घाटा इथेच आहे. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. न खाल्लेले दाणे आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो, तळ्यात पसरतो. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच : काठोकाठ ५६ लिटर, आणि खडी व वरची मोकळी जागा सोडली तर पन्नासच्याही आत. तेवढ्या पाण्यात आठ गोल्डफिश म्हणजे एका खोलीत आठ बिऱ्हाडे, आणि मोरी तुंबलेली.

कुदरतीने ह्यावर इलाज ठेवला आहे. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच आहे, माशाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते काढून घेते. दुसऱ्या जातीचे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बरेच सौम्य असते. थोडे थोडे पाणी बदलले की ते आटोक्यात राहते. हे जंतू पाण्यात कमी, आणि स्पंजवर, खडीवर, काचेवर जास्त राहतात. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधात विरजण न घालता सकाळी दह्याची अपेक्षा करावी, तसे आम्ही केले. आणि आठवड्याभरात जे थोडे विरजण लागू पाहत होते, तेही स्पंज नळाखाली पिळून मोरीत घालवले.

तिसरी रक्कम सामूची, म्हणजे ज्याला पीएच म्हणतात. ७ हा आकडा मध्य. खाली गेला की पाणी आम्लाकडे, वर गेला की अल्काकडे. सोडा घालून सामू चढवल्याशिवाय सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग पक्का होत नाही, हे आमच्या लाइनीतल्या पोरालाही ठाऊक असते. माशांच्या टाकीत मात्र चढलेला सामू अमोनियाला धार लावतो. पाण्यातल्या अमोनियाचा काही भागच जहाल असतो आणि तो भाग किती, हे सामू ठरवतो. पाणी २५ अंश गरम असेल तर सामू ७ ला शंभरात जेमतेम अर्धा भाग जहाल, ८ ला पाच भाग आणि ९ ला पस्तीसच्या आसपास. म्हणजे मासे तेवढेच, दाणे तेवढेच, पण सामू ७ वरून ८ वर गेला की विष दहापट. आमच्या नातीचे शिंपले म्हणजे निव्वळ चुना. मऊ पाण्यात तो हळूहळू उतरतो आणि सामू व जडपणा दोन्ही वाढवतो. त्या बिचारीला हे कोण सांगणार? दुकानदाराने सांगायला हवे होते.

ह्यावर बाजारात सामू खाली आणणारी बाटली मिळते. तिच्यापासून सावध राहावे, असा आमचा सल्ला आहे. जड पाण्यात चुन्याचा साठा इतका असतो की आम्ल घातले की सामू उतरतो आणि दोन दिवसांत पुन्हा जागेवर येतो. पुन्हा बाटली, पुन्हा उतार. मासा कायमच्या ७.८ मध्ये सुखाने राहील, पण रोजच्या चढउतारात तो खचतो. ह्याच्या उलट मऊ पाण्याची जुनी टाकी. तिथे जंतूंच्या कामातून आम्ल तयार होत राहते, पाण्यातला अल्क संपतो आणि एक दिवस सामू अचानक कोसळतो. म्हणून सामूचा नुसता आकडा पाहू नये, त्याला धरून ठेवणारा अल्क किती शिल्लक आहे तेही पाहावे. गल्ल्यातली रोकड आणि बँकेतली शिल्लक ह्यांत जो फरक, तोच हा.

चौथी रक्कम क्षारांची. किनाऱ्यालगतच्या विहिरी आणि बोअरचे पाणी मे महिन्यात मचूळ होते, हे आम्हा शिरगावकरांना सांगायला नको. टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, पण क्षार मागे राहतात. त्यावर बोअरचेच पाणी ओतत गेले की दर आठवड्याला क्षारांची भर पडते. लोक म्हणतात, आम्ही तर रोज पाणी घालतो. अहो, घालता, पण काढत नाही. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे, हायपो घातलेले, त्याच उबेचे पाणी घालावे. सगळे पाणी कधीही बदलू नये, आणि स्पंज धुवायचा तर काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका धुवावा. शिवाय पाणी जड असेल तर त्याच्याशी झगडण्यापेक्षा त्यात रमणारे मासे घ्यावेत. गप्पी आणि मॉली जड पाण्यात मजेत राहतात. निऑन टेट्राला मऊ पाणी लागते. आपल्या गावच्या पाण्याला कोणता माल चालेल, हे व्यापाऱ्याला ठाऊक नको काय?

उन्हाळ्याचे एक सांगून हा हिशेब मिटवतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. गरमीत माशाची भूक आणि श्वास वाढतो, आणि पाण्यात हवा मात्र कमी. त्यात वीज गेली की पंप बंद. देशातली पहिली अणुवीज १९६९ साली आमच्या शेजारी तारापूरला तयार झाली, तरी शिरगावात वीज जायची ती जातेच. घरात बॅटरीवर चालणारा लहान पंप ठेवावा, आणि तो नसेल तर तांब्याने पाणी वरून धारेने सोडत राहावे.

दुसरा प्रयत्न

हे समजल्यावर आम्ही टाकी पुन्हा मांडली, पण माशांशिवाय. एका दोस्ताच्या जुन्या टाकीतल्या स्पंजचा तुकडा विरजण म्हणून आणला, रोज चिमूटभर दाणे टाकले आणि दर आठवड्याला पाणी तपासले. आधी अमोनिया चढला. मग तो उतरू लागला आणि नायट्राइट चढले. सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले. तेव्हा गप्पीच्या तीन जोड्या आणल्या. मध्ये एकदा दाणे जास्त पडून नायट्राइट पुन्हा दिसले, तर पाव पाणी बदलून लिटरला एक ग्रॅम ह्या मापाने खडेमीठ घातले. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दीड वर्ष झाले, टाकी चालू आहे. नात दर जुम्याला आकडे वहीत लिहिते. ती वही आमच्या दुकानातल्या रोजकीर्दीपेक्षा नीट असते, हे कबूल करतो.

दुकानदार बंधूंना अर्ज

आता मूळ मुद्दा. ज्या गिऱ्हाइकाचे मासे पहिल्या महिन्यात मरतात, तो टाकी माळ्यावर टाकतो आणि चार घरी सांगतो की हा शौक आपल्या नशिबी नाही. टाकी एकदाच विकली जाते. दाणे, स्पंज, हायपो, वनस्पती, नवे मासे हा माल वर्षानुवर्षे विकला जातो, पण मासे जगले तरच. मेलेल्या माशांच्या बदली सहा मासे कमी भावात विकणारा दुकानदार पुढच्या पाच वर्षांचे गिऱ्हाईक त्या सहा माशांत मोडून खातो.

म्हणून आमच्या पाच सूचना आहेत. एक, टाकी आणि मासे एकाच दिवशी विकू नका. टाकी आज द्या, मासे पाणी तयार झाल्यावर. दोन, गिऱ्हाइकाला घरच्या पाण्याची बाटली आणायला सांगा आणि सामू व जडपणा त्याच्यासमोर तपासा. तीन, दुकानातल्या चालू टाकीतला निरोगी स्पंजचा तुकडा टाकीसोबत फुकट द्या. खर्च काही नाही, उपकार मोठा. चार, पाणी तपासल्याशिवाय औषध विकू नका. मासा वर येऊन तोंड उघडतो, त्यात दहा वेळा पाण्याचा दोष आणि एखाद वेळेस रोगाचा. पाच, किती मासे मावतील ते बिलावर लिहून द्या.

ह्यावर उत्तर ठरलेले आहे : आम्ही आज मासे दिले नाहीत तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जाईल, काही जाईल. आमच्या धंद्यातही हेच बोलले जात असे. हा कपडा पहिल्या धुण्यात दोन बोटे आटेल, हा रंग वेगळा धुवा, असे सांगितले तर कोण घेणार? आम्ही सांगू लागलो तेव्हा काही गिऱ्हाईक तुटले. जे राहिले त्यांची मुले आज आमच्याकडून माल उचलतात. ऐब सांगून माल विकावा, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे शिक्षण. कपड्याचा ऐब पैशाचे नुकसान करतो, इथे तर जिवंत जीव आहे.

गिऱ्हाइकालाही दोन शब्द. भाव पाडून वीस मासे मागणारे आपणच असतो. टेबलावर शोभेल म्हणून काचेचा वाडगा मागणारेही आपणच. रंगीत दगडांवर खर्च करताना हात सैल असतो, तपासणीचे किट घेताना मात्र महाग वाटते.

सरकारचा दंडा येईल, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारने २०१७ साली मत्स्यालये आणि शोभेच्या माशांची दुकाने ह्यांच्यासाठी नियम काढले होते. व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि पुढे ते मागे घेतले गेले. ओरड अगदीच गैरवाजवी नव्हती, पण नियम गेल्यावर आपण स्वतःचा दस्तूर घालून घेतला काय? दुसरीकडे २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या पैदाशीसाठी अनुदान ठेवले गेले : सर्वसाधारण अर्जदारांना खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. चेन्नईजवळच्या कोळत्तूर भागात असंख्य घरांची रोजी ह्याच मासेपालनावर चालते. आपल्या भगिनींना घरबसल्या हे काम जमण्यासारखे आहे. पण अनुदानाच्या पैशाने हौद बांधता येतात, पाणी समजून घेण्याची मेहनत स्वतःच करावी लागते.

आपले दामन

हे सगळे दुसऱ्याला शिकवून आम्ही मोकळे झालो, तर ते इमानदारीचे होणार नाही. पाण्यात टाकलेली वस्तू कुठे जाते, हा प्रश्न आम्हा कापडवाल्यांनी फार उशिरा विचारला. तारापूरच्या कारखान्यांत रासायनिक माल होतो, तसा कपडाही रंगतो, आणि त्यात आमचाही माल असतो. त्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद ह्या मच्छीमारांच्या संघटनेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना नुकसानभरपाई भरण्याचा आदेश दिला. शिरगाव, सातपाटी, नवापूर ही मासे धरून पोट भरणाऱ्यांची किनारपट्टी. आमच्या नातीचे आठ मासे मेले तर घर सुतकात गेले. खाडीतली मासळी घटल्याचे कोळी बांधव सांगत होते, तेव्हा आम्ही रंगाईचा भाव मीटरमागे किती कमी होईल, एवढेच विचारत होतो.

म्हणून जो अर्ज फिशटँकवाल्यांना केला, तोच स्वतःलाही लागू करून घेतला आहे. रंगाईचा सौदा करताना आता आम्ही भावाबरोबर एक सवाल जास्तीचा विचारतो : वापरलेले पाणी कुठे सोडता आणि त्याच्या तपासणीचा कागद दाखवाल काय? एकाने सौदा मोडला. दोघांनी कागद दाखवले. आमच्यासारख्या लहान व्यापाऱ्याच्या विचारण्याने फार फरक पडणार नाही, हे ठाऊक आहे. पण पालघर-बोईसरच्या वीस-पंचवीस कापडवाल्यांनी हाच सवाल केला तर रंगाईवाल्यांना जवाब तयार ठेवावा लागेल. आमच्या दुकानात ज्यांचे येणेजाणे आहे, त्यांनी ह्यावर बोलायला जरूर यावे. आणि ज्यांच्या घरी टाकी माळ्यावर पडली आहे, त्यांनी स्पंजचा तुकडा न्यायला आमच्याकडे यावे. तो आम्ही फुकट देतो.